बी12 नाहीतर फोलेट कमी झाल्याचा ॲनिमिया: निदान कुठल्या क्रमाने करायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात

ॲनिमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं, आणि बी12 व फोलेट ही लाल पेशी बनवायला लागणारी दोन व्हिटॅमिनं. थकवा येतो म्हणून कुणीतरी सांगतं बी12 ची इंजेक्शनं घे, मग माणूस ती घेतो, वर एक मल्टिव्हिटॅमिनही चालू करतो, आणि महिनाभराने विचारतो की आता बी12 ची टेस्ट करून बघू का. हे वरातीमागून घोडं झालं. इंजेक्शननंतर तो आकडा वर येणारच, रिपोर्टवर 'नॉर्मल' नाहीतर 'हाय' छापून येणार, आणि मुळात कमतरता होती का, होती तर कशामुळे, हे दोन्ही प्रश्न तसेच लटकत राहणार. निदान चुकतं ते बहुतेक वेळा टेस्ट वाईट असते म्हणून नाही तर क्रम उलटा होतो म्हणून, त्यामुळे खाली सगळा भर क्रमावरच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचेत. पण तयारी, योग्य माहिती देणं आणि रिपोर्ट समजून प्रश्न विचारणं हे तुमच्या हातात असतं, आणि तिथेच अर्धं काम होतं.

## टप्पा 1: काहीही सुरू करण्याआधी थांबा

रक्त द्यायच्या आधी बी12, फोलिक ॲसिड (म्हणजे गोळीतलं फोलेट), बी कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन यातलं काही नव्याने चालू करू नका. आधीच चालू असेल तर नाव, डोस आणि शेवटची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं ते लिहून ठेवा, कारण हे कळल्याशिवाय पुढचा कुठलाच आकडा धड वाचता येत नाही. एनर्जी ड्रिंक आणि प्रोटीन पावडरीतही बी12 घातलेलं असतं, ते लोक मोजतच नाहीत.

बायोटिनची गोष्ट वेगळी. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिनचा डोस बराच मोठा असतो, आणि लॅबमधल्या काही मशीनांची पद्धतच अशी असते की रक्तातल्या जास्तीच्या बायोटिनमुळे बी12 चा आकडा खोटा वर जातो. थायरॉइडच्या टेस्टही यामुळे बिघडतात. किमान दोन-तीन दिवस आधी ही गोळी बंद करा आणि डोस फारच मोठा असेल तर किती दिवस आधी बंद करायचं ते लॅबला विचारा.

> सावध: हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं असं काही असेल तर "आधी सगळ्या टेस्ट, मग बघू" हा नियम लागू नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ते रक्त काढून ठेवतात आणि रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात. क्रम तोच राहतो, आधी रक्त मग सुई, फक्त दोन्हींमध्ये तासाभराचं अंतर असतं, आठवड्याचं नाही.

अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ सुस्त झालंय, मान धरत होतं ते धरेनासं झालंय, हात थरथरतात, आणि आईला बी12 ची कमतरता असू शकते, तर तेही तातडीचंच. तिथे थांबायचं नाही.

## टप्पा 2: लक्षणं आणि औषधं कागदावर लिहा

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही, म्हणून घरीच लिहा. तीन याद्या करा.

पहिली, लक्षणं. थकवा, धाप, धडधड, चेहरा फिका पडणं ही कुठल्याही ॲनिमियाची लक्षणं, त्यांच्यावरून कारण कळत नाही. कारणाकडे बोट दाखवणारी लक्षणं वेगळी असतात. जीभ लाल, गुळगुळीत आणि चुरचुरणारी, दोन्ही पायांच्या तळव्यांना सारख्याच मुंग्या, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जाणं, विसरभोळेपणा, चिडचिड. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात हलकी पिवळी झाक हीसुद्धा यात येऊ शकते, कारण अस्थिमज्जेत (हाडांच्या आत, जिथे रक्तपेशी बनतात) तयार होणाऱ्या लाल पेशी बाहेर पडायच्या आधीच फुटत असतात. ती बघून लोक लिव्हर खराब झालं म्हणून भलतीकडेच धावतात.

यातली मुंग्यांची आणि तोलाची लक्षणं प्रामुख्याने बी12 ची. फोलेट कमी असताना ती सहसा दिसत नाहीत. आणि ही ओळ जाड अक्षरात घ्या: हिमोग्लोबिन एकदम नॉर्मल असतानाही बी12 च्या कमतरतेने नसांना इजा होऊ शकते. "ॲनिमिया नाही म्हणजे बी12 चा प्रश्न नाही" हे म्हणणं सपशेल चूक आहे.

दुसरी, औषधं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन वर्षांहून जास्त, हे बी12 च्या बाजूचं. मेथोट्रेक्सेट, फेनिटॉइन, सल्फासालाझिन, ट्रायमेथोप्रिम हे फोलेटच्या बाजूचं. नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देताना वापरतात तो, आणि काहीजण नशेसाठी हुंगतात तोच वायू, तो शरीरातलं बी12 निकामी करतो. तिथे तर रक्तातला बी12 चा आकडा चांगला दिसूनही माणूस लुळा पडू शकतो, म्हणून हे लपवू नका, डॉक्टर पोलिसात जात नाहीत.

तिसरी, पोट आणि खाणं. जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन, वजन कमी करायची सर्जरी, जुने जुलाब, सिलिॲक किंवा क्रोन्ससारखे आतड्याचे आजार, मांस-अंडी-दूध किती आणि किती वर्षांपासून बंद, दारू किती, गरोदरपण, घरात कुणाला थायरॉइड किंवा कोड.

इथे वेळेचा हिशोब कामाला येतो. लिव्हरमध्ये बी12 चा साठा साधारण 2 ते 5 मिलीग्रॅम असतो आणि तो संपायला काही वर्षं लागतात, फोलेटचा साठा मात्र चारेक महिन्यांत आटोपतो. त्यामुळे कुणी सहा महिन्यांपूर्वी प्राणिज पदार्थ सोडले आणि आता बी12 तळाला गेलं असं सांगत असेल तर नुसत्या आहारावर खापर फोडू नका, साठा आधीच कमी होता किंवा शोषणात गडबड आहे.

## टप्पा 3: रक्त एकदाच द्या पण नीट द्या

शक्यतो एकाच वेळी, एकाच सुईत हे सगळं काढून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशी), पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघणं), बी12, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर फंक्शन, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं), टीएसएच (थायरॉइडसाठी). एकेक टेस्ट आठवड्या-आठवड्याने केली की मधल्या काळात कुणीतरी गोळ्या चालू करतं आणि आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात. सगळंच लागतं असं नाही, डॉक्टर कमी-जास्त करतील, पण सीबीसी, स्मिअर, बी12, फोलेट आणि फेरिटिन ही पाच तरी एकत्रच हवीत.

उपाशीपोटी जा. फोलेटचा आकडा आदल्या काही दिवसांचं खाणं दाखवतो, भरपेट जेवून गेलात तर कमतरता असूनही तो नॉर्मल दिसू शकतो. हीच गोष्ट हॉस्पिटलमध्ये भरती माणसाची, दोन दिवस नीट जेवण मिळालं की आकडा सुधारतो, आणि मग सगळे म्हणतात फोलेटचा काही प्रश्न नव्हता.

> इथे तपासा: रिपोर्टवर 'नमुना हेमोलाइज' असा शेरा आहे का? लाल पेशींमध्ये सीरमपेक्षा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) कितीतरी जास्त फोलेट असतं, पेशी ट्यूबमध्ये फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. असा शेरा असेल तर फोलेटचा तो आकडा सोडून द्या आणि पुन्हा रक्त द्या.

सीबीसीचा नमुनाही ताजाच तपासला जायला हवा. लांबच्या सेंटरला पाठवलेली ट्यूब खूप वेळ पडून राहिली तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) उगाच वाढलेला दिसतो. रक्त किती वाजता काढलं आणि किती वाजता तपासलं हे रिपोर्टवर असतं, एकदा नजर टाका.

## टप्पा 4: सीबीसी वाचा, पण फक्त हिमोग्लोबिनवर थांबू नका

आधी ॲनिमिया आहे का ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे मोठ्या पुरुषांत हिमोग्लोबिन 13 च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रियांत 12 च्या खाली, आणि गरोदरपणात ढोबळमानाने 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. हे सगळं ग्रॅम प्रति डेसिलीटर. लहान मुलांचे आकडे वयाप्रमाणे वेगळे.

मग एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. 80 ते 100 फेम्टोलीटर नॉर्मल, 100 च्या वर गेला की पेशी मोठ्या. बी12 किंवा फोलेटच्या जुन्या कमतरतेत तो 110-115 च्याही वर जातो. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

घोडं पेंड खातं ते यापुढे. समजा हा रिपोर्ट आहे: हिमोग्लोबिन 9.4, लाल पेशी 3.1 दशलक्ष, एमसीव्ही 92, आरडीडब्ल्यू 21, पांढऱ्या पेशी 3,600, प्लेटलेट 1,30,000. एमसीव्ही नॉर्मल आहे बघून बरेच जण बी12 चा विचार सोडून देतात. पण आरडीडब्ल्यू बघा, तो साधारण साडेचौदा-पंधराच्या आत असायला हवा, इथे 21 आहे, म्हणजे पेशींच्या आकारात प्रचंड तफावत, काही खूप लहान आणि काही खूप मोठ्या, आणि 92 ही त्यांची नुसती सरासरी. लोह आणि बी12 दोन्ही कमी असले की नेमकं हेच होतं, लोहाची कमतरता पेशी लहान करते, बी12 ची मोठी करते, आणि मधला आकडा सज्जन दिसतो. थॅलेसिमिया मायनर असलेल्या माणसाच्या पेशी जन्मतःच लहान असतात, त्याचं बी12 कमी झालं तरी तेच. वर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही थोड्या खाली, नुसत्या लोहाच्या कमतरतेत सहसा असं होत नाही. असा रिपोर्ट हातात आला की स्मिअर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या की घरात ब्लड कॅन्सरची चर्चा सुरू होते. ती शक्यता डॉक्टर बघतीलच, पण बी12 च्या तीव्र कमतरतेतही तिन्ही कमी होतात, अगदी अस्थिमज्जेचा नमुनासुद्धा अननुभवी नजरेला ल्युकेमियासारखा वाटू शकतो. म्हणूनच ती सुई टोचायच्या आधी बी12 आणि फोलेटचे आकडे हातात असावेत.

> सामान्य चूक: हिमोग्लोबिन कमी दिसलं की सरळ लोहाच्या गोळ्या. कमतरता बी12 ची असेल तर हे म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. महिने जातात, हिमोग्लोबिन हलत नाही, आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

## टप्पा 5: स्मिअर आणि रेटिक्युलोसाइट

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची टेस्ट हीच. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून, रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली एक माणूस डोळ्यांनी बघतो. दोन गोष्टी शोधायच्या.

एक, मोठ्या आणि अंडाकृती लाल पेशी. दारू किंवा लिव्हरच्या आजारात पेशी मोठ्या होतात पण बहुतेक गोलच राहतात.

दोन, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं केंद्रक. एरवी त्याचे तीन-चार भाग दिसतात, पातळ दोऱ्याने जोडल्यासारखे. शंभर न्यूट्रोफिल मोजले आणि त्यातल्या पाच किंवा जास्त पेशींत पाच-पाच भाग दिसले, किंवा सहा भागांची एक जरी पेशी सापडली, तर डीएनए बनवण्यात अडथळा आहे असा त्याचा अर्थ, आणि बी12 किंवा फोलेट हे त्याचं नेहमीचं कारण. लोहाची कमतरता सोबत असल्यामुळे एमसीव्ही नॉर्मल दिसत असला तरी ही खूण बहुतेक वेळा टिकून राहते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं 'नॉर्मोसायटिक ॲनिमिया' (पेशींचा आकार नॉर्मल) एवढंच छापलेलं असेल तर पॅथॉलॉजिस्टने न्यूट्रोफिलबद्दल काय लिहिलंय ते विचारा, राग येत नाही कुणाला.

रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी. कमतरतेत त्या कमी असतात कारण उत्पादनच अडलंय. टक्क्यांपेक्षा एकूण संख्या बघा, कारण लाल पेशीच कमी असल्या की टक्केवारी उगाच मोठी वाटते. रेटिक्युलोसाइट खरोखरच भरपूर वाढलेल्या असतील तर रस्ता बदला, रक्त कुठेतरी वाहून जातंय किंवा पेशी रक्तप्रवाहात फुटताहेत, आणि या नव्या पेशी मुळातच मोठ्या असल्यामुळे एमसीव्ही वाढलेला दिसतो.

एलडीएच खूप वाढलेलं आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (लाल पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य) थोडं जास्त, पण रेटिक्युलोसाइट कमी, असा मेळ दिसला तर तो बी12-फोलेटकडेच बोट दाखवतो.

## टप्पा 6: बी12 आणि फोलेटचे आकडे

सगळ्यात आधी एकक बघा, आकडा नंतर. काही लॅब पिकोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये देतात, काही पिकोमोल प्रति लीटरमध्ये. 200 पिकोग्रॅम म्हणजे साधारण 148 पिकोमोल. एका लॅबचा 180 आणि दुसऱ्या लॅबचा 240 शेजारी ठेवून "वाढलं की" म्हणणारे लोक असतात, प्रत्यक्षात ती जवळपास एकच पातळी असू शकते.

पिकोग्रॅममध्ये ढोबळ हिशोब असा:

- 200 च्या खाली: कमतरता बहुधा आहेच
- 200 ते 300: सांगता येत नाही, पुढची टेस्ट लागेल
- 300 च्या वर: कमतरतेची शक्यता कमी, पण शून्य नाही

लॅबप्रमाणे या सीमा सरकतात. आणि 'शून्य नाही' हे नीट समजून घ्या. रक्तात मोजलं जाणारं बहुतांश बी12 हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते पेशींच्या फारसं उपयोगाचं नसतं, कामाचा हिस्सा साधारण पाव-एक. ते हॅप्टोकोरिन गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर घटतं, म्हणून आकडा कमी दिसतो पण खरी कमतरता असेलच असं नाही. उलट लिव्हरच्या आजारात आणि रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, आत कमतरता असली तरी. त्यातून पर्निशियस ॲनिमियातल्या (शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडीज बी12 चं शोषण अडवतात तो आजार) अँटिबॉडीज काही मशीनांना फसवतात आणि नॉर्मल आकडा छापून येतो. ॲक्टिव्ह बी12 म्हणून जी टेस्ट मिळते ती कामाचा हिस्सा मोजते, गरोदरपणात ती जास्त भरवशाची.

फोलेटचं सोपं आहे. सीरम फोलेट 2 नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या खाली म्हणजे कमतरता, 4 च्या वर म्हणजे बहुधा ठीक, मधलं संशयास्पद.

> सावध, सगळ्यात महत्त्वाचं: फोलेट कमी दिसलं म्हणून बी12 न बघता फोलिक ॲसिड सुरू करू नका. फोलिक ॲसिडने हिमोग्लोबिन सुधारतं, माणसाला बरं वाटतं, सगळे खूश होतात, आणि बी12 ची कमतरता आत तशीच राहून मज्जारज्जूचं नुकसान वाढत जातं. ते नुकसान काही वेळा भरून येत नाही. दोन्ही कमी असतील तर बी12 आधी.

## टप्पा 7: आकडा अधांतरी असेल तर

आकडा 200 ते 300 च्या मध्ये, किंवा आकडा बरा पण लक्षणं ठळक, अशा वेळी शरीराला बी12 कमी पडतंय का हे दुसऱ्या बाजूने बघायचं. त्यासाठी दोन टेस्ट:

- एमएमए, म्हणजे मिथाइलमेलॉनिक ॲसिड: बी12 कमी असेल तर वाढतं, फोलेट कमी असेल तर वाढत नाही.
- होमोसिस्टीन: दोन्हींपैकी काहीही कमी असेल तरी वाढतं.

दोन्ही वाढले तर बी12, सोबत फोलेटही कमी असू शकतं. एमएमए नॉर्मल आणि होमोसिस्टीन वाढलेलं तर फोलेट. दोन्ही नॉर्मल असतील तर कमतरतेची शक्यता फारच कमी, दुसरीकडे शोधा.

पण किडनी कमजोर असेल तर हे दोन्ही तसेही वाढतात, म्हणून तर टप्पा 3 मध्ये क्रिएटिनिन घ्यायला सांगितलं. आणि होमोसिस्टीनची ट्यूब लगेच बर्फात ठेवून वेळेत मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर लाल पेशी ट्यूबमध्येच होमोसिस्टीन सोडत राहतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाच्या बॅगेत बर्फ आहे का हे विचारायला लाजू नका.

## टप्पा 8: सोंगं ओळखा

एमसीव्ही मोठा म्हणजे व्हिटॅमिन कमी असं समीकरण नाही. दारू, थायरॉइड मंद असणं, लिव्हरचे आजार, हायड्रॉक्सीयुरिया किंवा झिडोव्हुडिनसारखी औषधं, आणि उतारवयात मायलोडिस्प्लेझिया (अस्थिमज्जेचा आजार), या सगळ्यांत पेशी मोठ्या होतात. तांब्याची कमतरता तर हुबेहूब बी12 सारखी वागते, ॲनिमिया, पांढऱ्या पेशी कमी आणि वर मुंग्या-तोल, जास्त करून पोटाच्या सर्जरीनंतर किंवा खूप झिंक घेणाऱ्यांत. बी12 देऊनही नसांची लक्षणं वाढतच असतील तर हे आठवावं.

इतर व्हिटॅमिनं थोडक्यात. क च्या कमतरतेत हिरड्यांतून रक्त, केसांच्या मुळाशी लाल ठिपके, केस स्प्रिंगसारखे वळलेले आणि जखमा न भरणं दिसतं. बी6 च्या कमतरतेत पेशी उलट लहान असतात. ही दोन्ही तशी क्वचित, पण आहार फारच एकसुरी असेल तर डोक्यात ठेवावीत.

## टप्पा 9: कमी आहे हे कळलं, पण का?

इथे नव्वदीत आऊट होणारे खूप. "बी12 कमी आहे" हे निदान अर्धंच, कारण सापडलं की मगच किती दिवस आणि कुठल्या मार्गाने उपचार हे ठरतं.

बी12 चा प्रवास लक्षात ठेवलात तर कारणं पाठ करावी लागत नाहीत. अन्नातून येतं, जठरातलं ॲसिड ते मोकळं करतं, जठरातच तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर त्याला पुढे धरून नेतं, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषलं जातं. या वाटेवर जिथे अडेल ते कारण: आहार, ॲसिडच्या गोळ्या, जठराची सर्जरी, पर्निशियस ॲनिमिया, आतड्याच्या शेवटच्या भागाचा आजार किंवा तो कापलेला असणं, आतड्यात बॅक्टेरियांची बेसुमार वाढ, जंत. फोलेट आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, म्हणून सिलिॲकमध्ये त्याला फटका बसतो.

आहारातून कारण स्पष्ट होत नसेल तर इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी करा. पॉझिटिव्ह आली तर पर्निशियस ॲनिमिया जवळजवळ पक्का, उपचार आयुष्यभर. पण निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही, हा आजार असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांतच ती सापडते. पॅरायटल सेल अँटिबॉडी (जठराच्या पेशींविरुद्धची) जास्त जणांत सापडते पण ती इतर कारणांनीही येते, एकटीवर विसंबू नका.

> इथे तपासा: गेल्या दोनेक आठवड्यांत बी12 चं इंजेक्शन झालंय का? झालं असेल तर काही पद्धतींत ही अँटिबॉडी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. थांबून करा, नाहीतर आयुष्यभराचं लेबल उगाच चिकटेल.

आणि हो, शाकाहारी माणसाला पर्निशियस ॲनिमिया होत नाही असं काही नाही. "मांस खात नाही ना, मग त्यामुळेच" म्हणून फाइल बंद करणं हा आळस आहे.

## टप्पा 10: उपचाराला शरीर काय उत्तर देतं ते बघा

उपचार सुरू झाले की निदानाची शेवटची परीक्षा आपोआप होते, फक्त योग्य दिवशी योग्य गोष्ट बघायला हवी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रेटिक्युलोसाइट वाढायला लागतात आणि साधारण आठवड्याभरात शिखर गाठतात. हिमोग्लोबिन त्यानंतर दर आठवड्याला एखाद ग्रॅमने चढतं, आणि पूर्ण जागेवर यायला दोनेक महिने लागतात, एमसीव्हीलाही तेवढेच. तिसऱ्या दिवशी सीबीसी करून "काहीच फरक नाही" म्हणत डॉक्टर बदलू नका. मुंग्या आणि तोल सुधारायला काही महिने लागतात, सुरुवातीला थोडं वाढल्यासारखंही वाटतं.

ॲनिमिया तीव्र असेल तर पहिल्या काही दिवसांत पोटॅशियम खाली जाऊ शकतं, नव्या पेशी ते ओढून घेतात, त्यामुळे डॉक्टर तेही तपासतात. खूप अशक्त माणसाला घरीच इंजेक्शनं टोचून मोकळं होणं यासाठीच धोक्याचं.

आठ-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट हललेच नाहीत तर दोन शक्यता आधी बघा, निदान चुकलंय किंवा सोबत लोहही कमी आहे. दुसरी शक्यता फार वेळा निघते. उपचाराआधी फेरिटिन बरं दिसत असलं तरी नव्या पेशी बनायला लागल्यावर लोहाचा साठा भराभर संपतो, म्हणून फेरिटिन पुन्हा करून घ्या.

बी12 ची टेस्ट मात्र इंजेक्शननंतर पुन्हा पुन्हा करू नका. आकडा वरच येणार, त्यातून उपचार लागू पडले की नाही ते कळत नाही, ते सीबीसी आणि लक्षणं सांगतात.

## इंजेक्शन आधीच घेऊन बसला असाल तर

इंजेक्शन आठवड्याच्या आतलं असेल तर एमएमए आणि होमोसिस्टीन लगेच करून बघण्यात अर्थ आहे, ते पूर्ण खाली यायला काही दिवस लागतात. स्मिअरही त्याच दिवशी करा, पाच-सहा भागांचे न्यूट्रोफिल साधारण दहा ते चौदा दिवस रेंगाळतात. जुना कुठलाही सीबीसी शोधून काढा, अगदी विम्यासाठी केलेला असला तरी चालेल, एमसीव्ही वर्षागणिक चढत गेलेला दिसला तर तो मोठा पुरावा.

इंजेक्शन होऊन महिना उलटला असेल तर रक्तातून कमतरता सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी आधीचा आणि आताचा एमसीव्ही शेजारी ठेवा, उपचारानंतर तो सात-आठ अंकांनी खाली आला असेल, हिमोग्लोबिन चढलं असेल, तर कमतरता होती असं धरून डॉक्टर थेट टप्पा 9 ला जातील आणि अँटिबॉडी करतील. उपचार चालू आहेत म्हणून ते फक्त परीक्षेसाठी बंद करून कमतरता परत यायची वाट बघणं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मुंग्या असलेल्या माणसाने तर अजिबात नाही.